वाल्दोचं कबूतर

बसा. लाकूड चांगलं वाळलेलं आहे, दिवस कलायच्या आत कबूतर तुमच्या हातात देतो. शेकोटीजवळ सरका, पण त्या गोठ्याकडच्या कोपऱ्यात नको. तिथली जमीन ओली असते, अगदी उन्हाळ्यातसुद्धा.

एक विचारतो, रागावू नका. तुमचा माणूस गेला, ते कोणी डोळ्यांनी पाहिलंय का? मी आता हे प्रत्येकाला विचारतो. पूर्वी विचारत नसे.

तुम्ही आपल्या पाविया शहराचेच, तुम्हाला रीत काय सांगायची. माणूस घरी मेला तर त्याला पुरायचं. लांब मुलखात पडला, तर घरच्यांच्या थडग्यांमध्ये खांब उभा करायचा, खांबावर लाकडी कबूतर बसवायचं आणि तो जिथे पडला तिकडे त्याची चोच करायची. मी तरुण होतो तेव्हाच्या राजाच्या काळात आमच्या कबरस्तानात अशा खांबांचं रान माजलं होतं. राजाचा पाय कुठे ठरतच नसे. एका सरदाराला नमवून येतो न येतो, तोच दुसऱ्यावर चालून जायचा. महालातून खांब दिसतात म्हणून त्याने ती खिडकीच चिणून घेतली, असं लोक कुजबुजत. माझ्या धंद्याला मात्र बरकत होती, खोटं कशाला बोलू?

त्याच्या राज्याच्या सहाव्या वर्षी हुकूम आला, घरटी एक भाला, म्हणजे एक माणूस लढाईला. घरात आम्ही दोघे भाऊ आणि आई. जायची पाळी माझी होती. पण चार दिवस आधी पटाशी निसटली आणि माझ्या अंगठ्यात घुसली.

"गैदोशेठ, मुद्दाम घुसवलीत ना?" माझा थोरला भाऊ वाल्दो हसत म्हणाला आणि माझा भाला उचलून निघाला. मुद्दाम होती की नाही, ते मलाही आजवर नीट सांगता आलेलं नाही.

निघताना तो राळ्याची पेज प्यायला आणि त्याने वाटी पालथी घातली. लहानपणापासूनची खोड त्याची ती.

"अरे मेल्या, पालथी वाटी अपशकुनी असते! किती वेळा सांगू?" आई ओरडली.

"पालथी असली म्हणजे हा माझ्या वाटीत खात नाही," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही!" आई म्हणाली. बोलून गेली खरी, पण पुढे तो शब्द तिच्या जिव्हारी लागला.

पानगळ सुरू झाली तेव्हा फौज परतली. आमच्याच आळीतला तासो दारात आला आणि मान खाली घालून म्हणाला, "तिकडे पूर्वेला, आदिजे नदी ओलांडताना पडला तो. पाण्याने नेला. मी पाहिलं."

आई रडली नाही. मला म्हणाली, "खांब उभा कर." मी नासपतीच्या लाकडाचं कबूतर कोरलं. जीव ओतून कोरलं, कारण त्या खांबावर माझ्या नावाचं कबूतर असायला हवं होतं. चोच पूर्वेला केली, पाणचक्कीच्या अंगाला, आणि खाली घट्ट खुंटी ठोकली.

तिसऱ्या दिवशी जाऊन बघतो, तर चोच दक्षिणेच्या अंगाला, वाळुंजाच्या झाडांच्या रांगेकडे वळलेली. खुंटी होती तशीच होती.

"सैल ठोकलीस," आई म्हणाली.

मी शिडी लावून चोच पूर्वेला फिरवली आणि लोखंडी खिळा मारला. आठवड्यात ती पुन्हा दक्षिणेला, पो नदीच्या बाजूला. खिळा वाकला नव्हता, लाकूड चिरलं नव्हतं. मग मला चैनच पडेना. हातातलं काम टाकून मी दिवसातून तीन-तीनदा खांबाशी जाऊन यायचो आणि दर खेपेला चोच बोटभर सरकलेली असायची. पूर्वेकडून माणूस नदीकाठाने चालत यावा, तशी.

"तो येतोय," आई म्हणाली. त्या दिवसापासून ती तिसरी वाटी मांडायला लागली.

"आई, माझे उस्ताद म्हणायचे, लाकूड जिवंताकडे कधी वळत नाही. जे येतंय ते..."

"तुझे उस्ताद दुपारचं जेवण कुठे ठेवलं तेही विसरायचे," आई म्हणाली. "गप पेज ढवळ."

मग धुक्याचे दिवस आले. आमचं धुकं तुम्हाला माहीत आहे, भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. अशाच एका दुपारी मी चाचपडत खांबापर्यंत गेलो. वर चढून बोटांनी चोच चाचपली. ती थेट आमच्या घराकडे होती.

मी पळत सुटलो. घरात शिरलो, दाराला अडसर घातला. आई शेकोटीशी बसली होती. आधी वास आला, नदीच्या तळच्या गाळाचा. मग आवाज. एक पाऊल चिखलात पडायचं आणि दुसरं फरफटत यायचं. ते दाराशी येऊन थांबलं.

"आई... पेज आहे का?"

आवाज वाल्दोचाच होता. आई उठली.

"दार उघड, गैदो."

"नाही."

"तुझा भाऊ आहे रे तो!"

"भाऊ होता, आई... होता."

मी दोन्ही हातांनी अडसर धरला, कपाळ दाराला टेकलं आणि डोळे मिटले. फळीच्या पलीकडे, अगदी माझ्या तोंडासमोर, तो हळूच म्हणाला, "गैदो... अंगठा बरा झाला का?"

मी अडसर आणखी घट्ट आवळला. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. आवाज थांबला, तेव्हा मी मागे वळलो. आई पुन्हा शेकोटीशी बसली होती, निमूट. मला वाटलं, तिने आशा सोडली. नंतर बाहेर पाहिलं तर चिखलात एक पाऊल आणि एक फरफट, भिंतीच्या कडेने गेलेली. पुढे गुरांनी सगळं तुडवून टाकलं होतं.

त्याच हिवाळ्यात राजा गेला. नव्या राजाच्या नावाने ढालींवर भाले वाजले, त्या दिवशी तासो पिऊन माझ्याकडे आला आणि रडायला लागला.

"मी काही पाहिलं नव्हतं रे. त्याच्या पायात बाण होता. आम्हाला हाका मारत होता. आम्ही पळालो."

मी दिवस मोजले. पाय फरफटत आदिजेहून इथवर यायला जितके दिवस लागावेत, तितकेच लागले होते. मग मी दार कोणावर बंद केलं होतं? चोच तर तेव्हापासून आमच्या घरावरच रोखलेली. तो दाराशीच मातीत गेला की काय, म्हणून मी उंबऱ्याखाली कमरेएवढं खणलं, काही सापडलं नाही. कबरस्तानात जायची मला हिंमत होईना, आणि गेल्याशिवाय राहवेना.

आई पुढे अकरा वर्षं जगली. रोज तिसरी वाटी भरायची. थोड्या वेळाने ती पालथी दिसायची. म्हातारी स्वतःच पालथी घालते आणि मन रमवते, असं मी धरून चाललो.

शेवटच्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं.

"तू दार धरून उभा होतास ना, तेव्हा... मी गोठ्याचं दार उघडलं होतं."

मी तिचे खांदे धरले. "आई, जिवंत होता का तो? एवढंच सांग!"

तिने माझे हात खांद्यांवरून सोडवले.

"गार होता," ती म्हणाली. "पण पाण्यातून आला होता ना... त्याला पेज देत जा, बाळा. विचारत बसू नकोस."

आईला जाऊन चौदा वर्षं झाली. आता घरात मी एकटाच आहे. देत जातो पेज. तू जिवंत आलास की मेलेला, ते विचारायचं रोज ठरवतो, पण अंगठा बरा झाल्याचं आधी सांगावं लागेल, आणि तिथेच माझी जीभ अडते.

हं, हे घ्या तुमचं कबूतर. चोच कुठे करायची ते घरी जाऊन नीट विचार करून ठरवा. आणि उठताना त्या कोपऱ्यातल्या वाटीला धक्का लावू नका. हो, तीच, पालथी.

तुम्ही आलात तेव्हा ती भरलेली होती.