रिकामा न ऐकलेला ॲम्प

तालमीची खोली अर्ध्या तासापूर्वीच रिकामी करायची होती. पण साउंडवाले काका वायरी गुंडाळत बसले होते आणि तिघं तरुण त्यांच्याभोवती घुटमळत होते. गिटार वाजवणाऱ्या मुलीने फोन पुढे धरला. त्यावर ॲम्पचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याचा, फोटो होता.

"काका, हा बघा ना. जुना आहे, पण पन्नास वॉटचा. उद्या बघायला जातेय."

काकांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "बघून काय कळणार? रिकामा ऐक."

"म्हणजे?"

"गिटार जोडायची नाही. नुसता चालू करायचा, आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवायचं आणि गप्प उभं राहायचं. बारीक सळसळ आली तर ठीक. घुंई आवाज आला तर आत काहीतरी गेलंय. जुना ॲम्प घेताना एवढं केल्याशिवाय दाराबाहेर पडायचं नाही." काकांनी वायर खाली ठेवली. "माझ्या ओळखीच्या एकाने तेवढंच केलं नाही. भिडेपोटी."

बाहेर काळोख पडून बराच वेळ झाला होता. ड्रम वाजवणाऱ्या पोराने दार लोटून घेतलं आणि तिघं सतरंजीवर बसले. काका सांगू लागले.

तर, त्याला सगळे मौनी म्हणत. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो काचा घासायचा. दिवसभर फिरत्या चाकासमोर मान खाली, कुणाशी चकार शब्द नाही. पण संध्याकाळी गिटार हातात आली की माणूस बदलायचा. वीस वर्षं वाजवत होता, आणि हात गोड होता त्याचा.

अडचण एकच होती. त्याचा ॲम्प घरात वाजवायचा, पंधरा वॉटचा. छोट्या कार्यक्रमांत गिटारला कुणी माइक लावत नाही. गाणाऱ्याचा आवाज तेवढा मोठ्या स्पीकरमधून जातो, गिटारवाल्याने हॉल आपल्या ॲम्पच्या जोरावर भरायचा. त्यात त्यांच्या ग्रुपचा ड्रमर असा, की ट्रकवाल्यांनी त्याच्याकडे हॉर्नची शिकवणी लावावी.

गाणारा होता मौनीचा सख्खा मेव्हणा. "भावोजी, तुम्ही खरंच वाजवता की नुसते शोभेला उभे राहता?" असं तालमीत म्हणायचा. सगळे हसायचे. मौनीही हसायचा.

मग एका कार्यक्रमानंतर मेव्हण्याने त्याला बाजूला घेतलं. तेव्हा तो हसत नव्हता.

"ताईला अजून बोललो नाहीये. पण या शनिवारीही तुम्ही ऐकू आला नाहीत, तर दुसरा गिटारवाला घ्यायचा, असं सगळ्यांचं ठरलंय. राग मानू नका, भावोजी."

मौनीने मान हलवली. घरी येऊन पानावर बसला, उठला, बायकोला काही बोलला नाही. गिटार गेली तर आपल्याजवळ ते चाक आणि त्या काचा एवढंच उरतं, हे त्याला कळत होतं. ते कुणाला सांगावं कसं, हे कळत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी तो एक जुना ॲम्प बघायला गेला. तिसरा मजला, जिना अरुंद. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. ॲम्प खिडकीखाली होता, वर इस्त्री केलेली चादर घातलेली. समोर एकच खुर्ची, ॲम्पकडे तोंड करून.

"माझ्या मुलाचा. सव्वा वर्ष झालं त्याला जाऊन," म्हातारे म्हणाले.

ॲम्प जुन्या पद्धतीचा, काचेच्या ट्यूबचा. चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने आत नारिंगी उजेड धरला. मौनीने गिटार न जोडता बटणाला हात घातला. एक, दोन, तीन...

"तीनच्या पुढे नको हो," म्हातारे एकदम म्हणाले. हात पुढे आला होता त्यांचा. "मला ऐकवत नाही."

मौनीचा हात थांबला. ज्याचं पोर गेलंय त्याच्या घरात उभं राहून आवाज वाढवायचा? त्याने निमूट गिटार जोडली आणि तीनवरच वाजवून पाहिली. भरलेला, गोल आवाज आला. त्याच्या घरच्या ॲम्पच्या दहाला भारी. दोघांनी मिळून तो जिन्यावरून उतरवला. रिक्षात ठेवताना म्हातारे एवढंच म्हणाले, "गिटारला हात लावला की सोडायचा नाही तो. जेवायला हाक मारून मारून आई थकायची."

कार्यक्रम होता डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी. कारखान्याचा हॉल, चारशे खुर्च्या, साडेआठची वेळ. आवाज सांभाळायला मिक्सरवर काकाच होते. पहिली तीन गाणी मौनीने पाचवर वाजवली. ड्रमरने ती गिळून टाकली. मेव्हण्याने एकदा मागे वळून पाहिलं, तेवढं पुरे होतं. आठ वाजून पन्नास मिनिटांनी, चौथं गाणं सुरू होताना, मौनीने बटण सातवर नेलं.

पहिला सूर गेला आणि शेवटच्या रांगेतल्या माना वर झाल्या. मेव्हण्याने गाता गाता अंगठा दाखवला. मौनीच्या छातीत काहीतरी सैल झालं. वीस वर्षांत पहिल्यांदा आपण ऐकू येतोय...

मग एक सूर जास्त आला.

तो त्याने वाजवला नव्हता.

बोट चुकून लागलं असेल. पुढची ओळ घेतली. पुन्हा तेच. कुणीतरी त्याच्या मागून येत होतं, केसभर मागून. मग बरोबरीने. मग पुढे. मौनी जो सूर घेणार, तो आधीच वाजून गेलेला असायचा. चांगलं वाजत होतं. मौनीपेक्षा चांगलं.

त्याने तारांवरून हात काढला.

वाजतच राहिलं.

"वा, भावोजी!" मेव्हणा माइकवरून म्हणाला. हॉलभर टाळ्या.

मौनीने वायर उपटली. ती हातात लोंबत राहिली. त्याने ती मेव्हण्याला दाखवली. मेव्हणा हसला. चारशे माणसं समोर. वायरीकडे एकाचंही लक्ष नाही. तो ड्रमरकडे वळला.

"मी वाजवत नाहीये!"

"काय?"

"मी नाही... हे मी नाही!"

"ऐकू येत नाहीये!" ड्रमर ओरडला आणि हसत पुढच्या ठेक्यावर गेला.

मौनी खाली वाकला. ॲम्पचं बटण बंद केलं. दिवा गेला. नारिंगी उजेड विझत विझत काळा झाला.

गाणं पूर्ण वाजलं. शेवटच्या सुरापर्यंत.

मग शांत.

बंद ॲम्पमधून बारीक सळसळ येत होती. त्या सळसळीत, अगदी जवळ, एक आवाज... पुढच्या गाण्यासाठी तारेवर बोट सरकवताना होतो तेवढाच.

अजून सात गाणी बाकी होती. मौनी गिटार गळ्यात घालून उभा राहिला. नुसता.

काका बोलायचे थांबले.

"मग त्यांना काढलं?" मुलीने हळूच विचारलं.

"काढतील कशाला? मेव्हण्याने मिठी मारली, आता तुम्हीच कायम म्हणाला. मौनीने सगळं सांगितलं, तर सगळे हसले. मग ग्रुप आपणच सोडला त्याने. ॲम्प मेव्हण्याने ठेवून घेतला. नवा गिटारवाला आणलाय. छान वाजतं म्हणे."

"आणि मौनी?"

"मी चष्म्याच्या काचा बदलायला गेलो होतो. त्याने डावा हात माझ्या हातात दिला फक्त." काकांनी मुलीकडे पाहिलं. "तुझ्या बोटांची टोकं बघ. दोन वर्षं तारा दाबतेस तर घट्टे पडलेत."

मुलीचा अंगठा नकळत बोटांवरून फिरला.

"त्याला वीस वर्षं झाली होती. टाचणी टोचली तरी कळायची नाही. त्या रविवारी सकाळी उठला आणि..." काकांनी आपला तळहात उघडून दिव्याखाली धरला, जणू तो हात अजून त्यात होता. "चारही टोकं मऊ. गुलाबी. तान्ह्या बाळाची असतात तशी."