लंगोटाच्या डोळ्याला तीट

आंघोळ, धुरी झाली आणि शुभांगीताईंनी सात महिन्यांच्या शर्विलला पाळण्यात ठेवलं. लागलीच लंगोटाला अडकवलेला चिमटा बोलला, "वजन वयाच्या मानाने फार जास्त. लघवीच्या संसर्गाचा धोका वाढलेला."

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या?" शुभांगीताई करवादल्या. नातवाच्या मांड्यांना वळ्याच वळ्या. अख्ख्या कराडात असं गुटगुटीत बाळ नव्हतं. त्यांचा स्वतःचा मुलगा किडकिडीत निघाला, तेव्हा 'आईच्या अंगावर दूधच नाही' म्हणून सासरच्यांनी त्यांना किती टोचलं होतं! आता कुठे मिरवायचे दिवस आले, तर हा मेला नखाएवढा चिमटा रोज सकाळी लेकराचं वजन काढतो.

चिमट्याला काचेचा बारीक डोळा होता. लंगोटाच्या अस्तरातल्या रंगपट्टीवर त्याचं लक्ष असे. लघवीत जंतू वाढले की पट्टी जांभळी होई आणि चिमटा बोंब ठोके. सून ऋतुजाने हे दहादा समजावलं होतं. पण तो एकटक बघणारा डोळा शुभांगीताईंना सहन होईना. शर्विलच्या गालाला तीट लावताना त्यांनी काजळाचं बोट त्या डोळ्यालाही टेकवलं. मग ते रोजचंच झालं.

पुढे ऋतुजा कामासाठी पुण्याला गेली आणि बाळ तापलं, दूध ओकू लागलं. शुभांगीताईंनी चिमट्याकडे पाहिलं. तो वजनापलीकडे काही बोलत नव्हता. म्हणजे नजरच लागली! त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसऱ्या दिवशीही ओवाळल्या. ऋतुजा परतली ती बाळाला उचलून थेट दवाखान्यात.

"संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय," डॉक्टर नलवडे म्हणाल्या. "लठ्ठ बाळांमध्ये हा जास्त आढळतो. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही, म्हणून तर अशा बाळांना आम्ही हा चिमटा देतो. ताप उतरेल. मूत्रपिंडावर व्रण राहिला की नाही, ते काही महिन्यांनी कळेल."

बोलता बोलता त्यांनी चिमट्याची काच अंगठ्याने पुसली. अंगठा काळा झाला. चिमटा लगेच ओरडू लागला, "संसर्ग! संसर्ग!"

शुभांगीताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकाने म्हणाली, "कित्ती गुटगुटीत हो! कुणावर गेलाय?" शुभांगीताईंनी शर्विलच्या मांड्यांवर दुपटं ओढलं.

ऋतुजा रडली नाही, भांडली नाही.

"आई, तुम्ही काजळ लावलं नसतंत," तिने विचारलं, "आणि हा वेळेवर ओरडला असता, तर तुम्ही त्याचं ऐकलं असतंत?"