पुसलेले बूट

जिन्यात खुर्ची अडकली होती. खुर्चीमागे एक माणूस अडकला होता, आणि त्या दोघांमुळे आता तीही अडकली होती.

“आधी तुम्ही जाताय की खुर्ची?” तिने विचारलं.

“खुर्चीला विचारतो,” पलीकडून आवाज आला. “ती म्हणतेय, बाईंनी एक पाय धरला तर सगळ्यांचीच सोय होईल.”

तिने पाय धरला, पण नजर सोडली नाही. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायची नोकरी तिची. समोरचा खरं बोलतोय असं धरून चालणं तिच्या रक्तातच नव्हतं. वडील तिला ‘फौजदार’ म्हणत, ते काही उगाच नाही. अंघोळीची ती खुर्ची पहिल्या मजल्यावर तिच्याच दाराशी थांबली, तेव्हा उलगडा झाला. अण्णांसाठी, घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थेने पाठवलेला केअरटेकर तो हाच.

अण्णा म्हणजे तिचे वडील. बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि परगावी राहणाऱ्या दादाने फोनवरच निकाल दिला, “आता घरी जमायचं नाही. मी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय.” त्या दिवशी अण्णांनी जेवणाला हात लावला नाही. मग तिने दादाशी भांडून मुदत मागून घेतली. घरी माणूस ठेवते. तू येशील तेव्हा अण्णा आपल्या पायांनी चालले तर ठीक, नाहीतर तुझी खोली.

हॉस्पिटलातल्या सवयीने अण्णा त्याला ‘ब्रदर’ म्हणायला लागले. शेजारीपाजारीही ब्रदर म्हणायला लागले. तिला मात्र ते काही केल्या जमेना. ती नुसतं ‘अहो’ म्हणायची. ते ऐकून अण्णा पेपरामागे का हसतात, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं.

माणूस कामाचा होता, नाही कशाला म्हणा? अण्णा आता आपल्या खुर्चीत, आपल्या खिडकीशी, दाढीबिढी करून बसलेले दिसत. दोन घास जास्त जेवत. रस्त्यावरच्या ओळखीच्यांना हाका मारत. पण तिला हे जरा जास्तच सुरळीत वाटायचं. त्यातून संध्याकाळी तिची किल्ली कुलपात फिरली की आतलं हसणं एकदम बंद व्हायचं.

“काय चाललं होतं?”

“काही नाही,” दोघेही एका सुरात.

“अहो, मला वास येतो बरं का.”

“तो फिनेलचा. आत्ताच फरशी पुसलीय,” तो म्हणायचा, आणि असा काही बघायचा की पुढचा प्रश्न तिला आठवायचाच नाही. हे तो मुद्दाम करतो, असाही तिला संशय होता.

आणि अण्णा काही चालेनात. तिच्यासमोर वॉकर धरून दोन पावलं टाकली की “आई गं” करून खाली बसायचे. दादा रविवारी येणार होता. अण्णांचे कपडे भरायची बॅग तिने अजून माळ्यावरून काढलीच नव्हती.

शुक्रवारी तिला चपलांच्या कपाटात अण्णांचे बूट दिसले. लख्ख पुसलेले. जो माणूस घराबाहेर पडत नाही, त्याचे बूट कोण कशाला पुसेल? तिच्या मनात पाल चुकचुकली. हा अण्णांचे बूट घालून हिंडतो की काय... अण्णांना एकटं टाकून? सगळ्यात जास्त लागलं ते हे, की हल्ली जिना चढण्याआधी ती केस सारखे करायला लागली होती.

शनिवारी तिने अर्धी रजा टाकली आणि कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीच्या आडोशाला उभी राहिली. पावसाची भुरभुर नुकतीच थांबली होती. दार उघडलं. आधी अण्णा बाहेर आले. बूट त्यांच्याच पायात होते. वॉकर नाही, काठी नुसती मनगटावर लटकवलेली. मागून तो. काठोकाठ भरलेलं भांडं दुसरा कुणी नेताना आपण हात पुढे करतो ना, तसे हात धरून, पण शिवत नव्हता. अण्णा समोरच्या बागेतल्या बाकापर्यंत गेले, वळले, आणि त्यांना ती दिसली.

“आले फौजदार,” म्हणत ते शहाण्यासारखे बाकावर बसले.

तिला हसू येत होतं आणि रडूही, म्हणून ती चिडली. “माझ्या जिवाला घोर लावून इथे हिंडताय? उद्या दादा येतोय, अण्णा.”

“येऊ दे की. दार मीच उघडणार होतो त्याला.”

“मग माझ्यापासून का लपवलंत?”

“तुला कळलं की दुसऱ्या दिवशी हा यायचा बंद. मग तू पुन्हा ऑफिसातून येऊन भिंतीकडे बघत जेवणार. मी पडलो ते एका परीने बरंच झालं. घरात तुझ्याशी भांडायला कुणीतरी आलं.”

ती त्याच्याकडे वळली. “आणि तुम्हीही सामील?”

“अण्णांनी शपथ घातली. मी रविवारपर्यंतच कबूल झालो होतो.” तो खाली बघत होता. “संस्थेला कळवलंय. सोमवारपासून दुसऱ्या घरी जातोय. यांना आता माझी गरज नाही.”

“शपथ... एवढंच कारण?”

त्याने मान वर केली.

“नाही,” तो म्हणाला. “मलाही सोमवार नको होता.”

असा जबाब तिला आजवर कुणी दिला नव्हता. पुढे काय विचारायचं असतं, तेच ती विसरली.

रविवारी दादाने बेल वाजवली आणि अण्णांनी दार उघडलं. एकट्याने. दादा उंबऱ्यातच थबकला, मग लहान मुलासारखा त्यांच्या गळ्यात पडला. खोलीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. दुपारी ब्रदरने घराची किल्ली कपाटावर ठेवली आणि तिला म्हणाला, “येतो.” जाताना सगळेच ‘येतो’ म्हणतात, तसं म्हणाला, की खरंच...? सोमवारी दिवसभर ऑफिसात तिने एवढाच तपास केला.

संध्याकाळी बेल वाजली.

“किल्ली परत केली ना,” दारात तो होता, “म्हणून बेल.”

“पेशंट बरा आहे,” ती दार अडवून म्हणाली.

“पेशंटला बघायला आलो नाही. परवाचा जबाब अर्धाच राहिला होता... तेवढा पुरा करावा म्हटलं.”

“फौजदार, आरोपीला आत घ्या,” आतून अण्णांचा आवाज आला. “मी जरा बागेत जाऊन येतो.” आणि बूट चढवून, काठी घेऊन, ते खरंच दोघांच्या मधून बाहेर पडले. सवयीने दोघांचेही हात पुढे झाले. अण्णांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांची पावलं सावकाश, एकेक पायरी करत खाली गेली.

तो पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावरून चालत आला होता. स्वतःच्या बुटांचा चिखल पाहून त्याने खिशातून फडकं काढलं, फिरून आल्यावर अण्णांच्या बुटांचा चिखल गुपचूप पुसायचा तेच.

“राहू द्या, अहो,” ती म्हणाली, आणि तिने फडकं ओढून घेतलं. “या घरात आता बूट पुसून यायचं नाही.”

फडक्याबरोबर त्याचा हातही आला. तिने तो काही चौकशी न करता ठेवून घेतला.