कोरा ट्रॅक

वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारणं हे माझं काम. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही, आणि घरात याची यथेच्छ टिंगल होते. त्यामुळे म्युझिक सर्व्हर घ्यायचं ठरलं तेव्हाही मी दुकानदाराच्या गोड बोलण्यावर विसंबणार नव्हतो. त्यानं डेमोचे दोन नग घरी वापरून बघायला दिले. दोन्ही काळ्या, चपट्या पेट्या. घरातल्या सगळ्या सीड्या त्यांच्या पोटात भरायच्या आणि हवं ते वाजवायचं.

"गाणी ऐकणार की पेट्या?" बायकोनं विचारलं. लेक तिच्या कडेवर होती, नुकतीच पालथी पडायला लागलेली.

"आधी काहीच ऐकणार नाही," मी म्हणालो.

या नादातल्या लोकांची ही रीतच आहे. नुसती शांतता भरलेला कोरा ट्रॅक लावायचा, आवाज पूर्ण वाढवायचा आणि स्पीकरला कान लावायचा. यंत्र जितकं चांगलं, तितकी खरखर कमी. पहिल्या पेटीत बारीक सरसर होती. दुसरीत काहीच नव्हतं. म्हणजे अगदी काहीच नाही. मी कितीतरी वेळ तसाच वाकून राहिलो. इतकं स्वच्छ मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

"फ्रीज बंद पडलाय वाटतं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी जाऊन उघडला. दिवा लागला, बर्फ घट्ट होता. पाठीमागे हात लावला तर थरथर जाणवत होती. फक्त घरघर ऐकू येत नव्हती.

"वय झालं की गप्प बसावं, हे त्याला तरी कळलं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. आम्ही दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोरा ट्रॅक पुन्हा लावला. गरज नव्हती, निवड झालीच होती. पण मला ओढ लागली होती. शांतता कालच्याहून खोल वाटली. उठून हात धुवायला गेलो, तर नळाचं पाणी बेसिनमध्ये पडत होतं आणि त्याचा आवाज येत नव्हता. कानात दडे बसले असतील म्हणून जबडा हलवून पाहिला. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, तो स्पष्ट ऐकू आला. मी बायकोला काही बोललो नाही. ट्रॅक आणखी एकदा लावला.

संध्याकाळी दुकानदार दोन्ही पेट्या घेऊन गेला. "दुसरीच पक्की," मी म्हणालो. नवा सीलबंद नग पाठवतो, म्हणाला.

तो गेल्यावर बायको दबक्या पावलांनी बाहेर आली. "किती शहाण्यासारखी झोपलीये आज. मघापासून हूं नाही की चूं नाही."

मी पाळण्यात डोकावलो. लेक जागी होती. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, तोंड उघडं. अश्रू कानांपर्यंत ओघळले होते. ती जीव तोडून रडत होती.

मी तिला उचललं. छाती धपापत होती. आवाज नव्हता.

डॉक्टरांनी घसा पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाले. बायकोनं रात्रभर लेकीच्या अंगावरचा हात काढला नाही. डोळा लागला तर हिचं रडणं कळणार कसं? मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. नळाचं, त्या दुसऱ्या पेटीचं, सगळं तिला सांगून टाकलं. सकाळी मी दुकानात जायला निघालो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिचा आवाज घेऊनच ये."

दुकानदार वैतागलेला होता. "काय केलंत हो? तुमच्याकडून आल्यापासून ही दुसरी पेटी बिघडलीये." त्यानं हेडफोन पुढे केला.

फ्रीजची घरघर. नळाचं पाणी. आणि त्यामागे, थांबून थांबून रडणारी माझी लेक.

"पुसून टाकतो सगळं," तो म्हणाला. "एका बटणाचं काम आहे."

"हात लावू नका!"

हेडफोन एका कानावर तसाच ठेवून मी घरी फोन लावला. बायकोनं उचलला. स्क्रीनवर सेकंद पळू लागले.

"सापडली," मी म्हणालो. "ऐकतेस ना?"

मोबाइलमधून काहीच आलं नाही.

हेडफोनमधलं रडणं जरा थांबलं, आणि त्याच हेडफोनमधून बायको म्हणाली, "हॅलो? अरे, मी केव्हाची बोलतेय. ऐकू येत नाहीये का?"