उजवीकडचा स्क्रीन

लाइट यायला अजून वेळ आहे, बस तू. ती मेणबत्ती जरा तिकडे सरकव, डोळ्यांवर येतेय. तू विचारलंस म्हणून सांगतो, खरवईच्या बाजूची कामं मी का घेत नाही ते. मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही हां. तसा माझा माणसांवरही विश्वास नाही. "काही नाही केलं हो, आपोआप बंद पडलं," असं गिऱ्हाईक म्हणालं की मी समजून जातो, घरातल्या कुणीतरी उद्योग करून ठेवलाय. उल्हासनगरात इतकी वर्षं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवतोय. संशय आधी माणसावर घ्यायचा, मशीनवर नंतर, हा माझा नियम.

काम तसं साधं होतं. प्रीती नावाची मुलगी, अ‍ॅनिमेशनचा कोर्स केलेली. ठाण्याच्या एका कंपनीने तिला टेस्ट दिली होती. आपल्या स्वतःच्या घराचं थ्रीडी मॉडेल करायचं आणि त्यातून कॅमेरा फिरवत नेल्यासारखा व्हिडिओ बनवून पाठवायचा, त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या आत. मॉडेल झालं होतं. पण व्हिडिओ काढायला ग्राफिक कार्ड चालू पाहिजे, आणि कार्डाचा ड्रायव्हर काही केल्या बसत नव्हता. ड्रायव्हर म्हणजे कार्डाचा दुभाषी रे. तो नसला की एवढं मोठं कार्ड म्हणजे नुसता पत्रा.

"काका, आजचा दिवस गेला तर माझं संपलं," फोनवर ती रडकुंडीला आली होती. "पप्पांनी सांगून ठेवलंय, हे नाही झालं तर सोमवारपासून अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगला लागायचं."

जेवून निघालो. बदलापूरला उतरून खरवईची रिक्षा केली. चौथ्या मजल्यावर अगदी टोकाचा फ्लॅट. शेजारी बी विंग व्हायची होती, पण बिल्डरने खड्डा खणला, चार गंजक्या सळया उभ्या केल्या आणि तोंड काळं केलं. म्हणजे त्या बाजूला भिंतीनंतर सरळ मोकळी हवा.

दार तिच्या आईने, सरस्वतीताईंनी उघडलं. "जय भीम भाऊ, या." हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली जीन्सचा हा एवढा ढीग. उल्हासनगरच्या कारखान्यातला माल घरी आणून धागे कापायचं काम करायच्या त्या. बोटांवर निळा रंग चढलेला, घरभर कोऱ्या कापडाचा उग्र वास. मला पाणी दिलं आणि परत कात्री हातात घेतली. टक. टक. टक.

प्रीतीचं टेबल आतल्या खोलीत. खुर्चीत बसलं की उजव्या हाताला ती शेवटची भिंत. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून पडदे ओढलेले, त्यामुळे भर दुपारी खोलीत अंधार आणि मशीनच्या पोटातले लाल दिवे तेवढे पेटलेले. मशीन जुनं, गेमिंगचं.

"कुणाचं होतं हे?" मी विचारलं.

"आतेभावाचं. त्याने लॅपटॉप घेतला, हे मला दिलं."

"तो बरा आहे ना?"

"मस्त आहे की. कालच जेवून गेला." ती हसली. "असं काय विचारता काका?"

काही नाही म्हटलं आणि कामाला लागलो. जुना ड्रायव्हर मुळापासून पुसला, दुसरं व्हर्जन घेतलं. इन्स्टॉल छान चालायचं, अगदी शेवटपर्यंत जायचं, मग स्क्रीन काळा, क्षणभर सगळं स्वच्छ आणि बारीक दिसायचं, आणि परत फटकन जाडजूड, फुगलेली अक्षरं. "इन्स्टॉल झाले नाही." कार्ड काढलं, पट्टीवर खोडरबर घासला, धूळ फुंकली, परत बसवलं. पुन्हा तेच. अ‍ॅन्टिव्हायरस बंद केला. पुन्हा तेच. च्यायला!

मग माझं डोकं नेहमीच्या वाटेने धावलं. दर वेळी फेल व्हायच्या जरा आधी बाहेरची कात्री थांबते की काय? मीटरची पेटी बाहेर हॉलमध्येच, उठून लाइटशी खेळायला कितीसा वेळ? पोरीने ठाण्याला जाऊ नये असं त्या बाईला वाटत असेल तर? मी आवाज दिला, "ताई, जरा आत येऊन बसा."

त्या आल्या, बिचाऱ्या एक पँट घेऊनच. दारात स्टुलावर बसल्या. मी वाकडं बोललोच, "मुलगी एवढी लांब जाणार, तुम्हाला चालेल ना?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. सगळं कळलं त्यांना. "भाऊ, माझा जन्म गेला धागे कापण्यात," त्या म्हणाल्या. "तिने माझ्यासारखं खाली मान घालून बसावं असं मला वाटेल होय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुन्हा इन्स्टॉल लावलं. कात्री चालू होती. टक. टक. स्क्रीनवरची इन्स्टॉलची पट्टी शेवटाला आली, स्क्रीन काळा झाला.

"ताई, जरा कात्री थांबवता?"

"भाऊ..." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कात्री बाहेरच राहिली. माझे हात मोकळेच आहेत."

टक. टक.

तिघांनीही भिंतीकडे पाहिलं. आवाज तिथून होता. बारीक, सवयीच्या हाताने माउस दाबल्याचा असतो तसा.

"दुपारी येतो हा आवाज," सरस्वतीताई कुजबुजल्या. "मला वाटायचं प्रीती काम करतेय..."

"आणि मला वाटायचं तुझी कात्री," प्रीती म्हणाली.

मी हसायचा प्रयत्न केला. पाइप असेल, भिंत तापत असेल, काहीबाही बोललो. इतक्यात माउसचा बाण स्क्रीनवरून गेला. म्हणजे उजव्या कडेला थांबायला हवा तो थांबलाच नाही, पुढे निघून गेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीनला वाटत होतं की उजवीकडे आणखी एक स्क्रीन जोडलाय. जुन्या कार्डात होतं असं, पिन खराब झाली की नसलेला स्क्रीन दिसतो त्याला. आणि ड्रायव्हर बसताना शेवटी कॉम्प्युटर एक प्रश्न विचारतो, "हे बदल ठेवायचे का?" तुम्ही काही सेकंदांत "ठेवा" दाबलं नाही तर सगळं मागे घेतो. तो प्रश्न त्या नसलेल्या स्क्रीनवर उघडत असणार. कुणाला दिसणार? कोण दाबणार? म्हणून दर वेळी फेल.

असा आनंद झाला मला! "बघ, सापडला चोर!" प्रीतीला दाखवण्यासाठी मी पुन्हा इन्स्टॉल लावलं आणि स्क्रीन काळा होऊन उजळल्याबरोबर कीबोर्डावरून फोटो घेतला. स्क्रीनशॉट. त्यात काय होतं, जेवढे स्क्रीन जोडलेले असतील तेवढे सगळे येतात, दिसणारे आणि न दिसणारे. फोटो उघडला. दुप्पट रुंद आला होता. डावीकडे आमचा स्क्रीन. उजवीकडे...

उजवीकडे एक खोली होती. याच रंगाची, पण खिडकी उलट्या बाजूला. मधे खुर्ची. खुर्चीत कुणीतरी आमच्याकडे पाठ करून बसलेलं, लांब वेणी, हात माउसवर. त्याच्या पुढ्यात तो प्रश्न उघडलेला, आणि बाण "नको" वर टेकवलेला.

"हे तुझ्या मॉडेलमधलं ना?" मी स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं. "खोटं बोलू नकोस हां."

"नाही हो काका... मी आपलंच घर केलंय. त्या भिंतीपुढे मी काही केलं नाहीये. तिथे काही नाहीच आहे ना... बी विंग झालीच कुठे?"

एव्हाना कुठल्याही शहाण्या माणसाने प्लग काढून घरचा रस्ता धरला असता. मी स्क्रू ड्रायव्हर उचललादेखील, कार्ड काढून टाकायला. प्रीतीने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता, पण पकड सोडत नव्हती.

"एकदा. फक्त एकदा लावा काका. वेळ संपत आलाय."

पोर आहे, तिचं सगळं आयुष्य त्या व्हिडिओवर अडलंय, आणि मी तिला काय सांगू, मला भीती वाटते म्हणून? लावलं. पट्टी सरकायला लागली. खोलीत कसला तरी वास यायला लागला होता, ओल्या सिमेंटचा, नुकत्याच केलेल्या प्लास्टरचा. भिंत तर केव्हाची वाळलेली. स्क्रीन काळा झाला. टक, आलं पलीकडून. आणि त्या मुलीने काय करावं? भिंतीला हात टेकवला आणि बोलायलाच लागली.

"ठेव ना गं... प्लीज. मला ठाण्याला जायचंय. माझा जॉब आहे तो. नाहीतर मला पॅकिंगला बसवतील. ठेव ना."

"प्रीती!" आई ओरडली. "कुणाशी बोलतेस?"

पलीकडचा आवाज थांबला. किती वेळ कोण जाणे. मग एकच आवाज आला, या वेळी मोठा, ठाम. आणि ड्रायव्हर बसला.

सगळी अक्षरं बारीक झाली, पंखे जोरात फिरायला लागले, व्हिडिओ भराभर तयार होऊ लागला. इतकं जुनं कार्ड असं पळताना मी कधी बघितलं नाही. तयार झाला तसा आम्ही लावून पाहिला. हॉल, बाबासाहेबांचा फोटो, जीन्सचा ढीगसुद्धा केला होता पोरीने, सुरेख. कॅमेरा या खोलीत आला, टेबलापाशी वळला, आणि थांबायच्या ऐवजी सरळ भिंतीतून पलीकडे गेला. त्या खोलीत. प्रत्येक फरशीवरचा डाग, खिडकीच्या गजावरचा गंज, सगळं इतकं खरं की हात लावावासा वाटेल. खुर्ची होती. खुर्चीत कुणी नव्हतं.

"हे पाठवू नकोस," मी म्हणालो. "माझं ऐक. ती खोली कापून टाक, मग पाठव."

"कापून परत काढायला वेळ कुठे आहे काका?" तिचे डोळे भरून आले होते. तिने आईकडे पाहिलं. सरस्वतीताई पदराने बोटांवरचा निळा रंग पुसत राहिल्या. प्रीतीने बटण दाबलं. गेला व्हिडिओ. त्यानंतर भिंतीतून आवाज आला नाही, आणि दोन नंबरचा स्क्रीनही मशीनला पुन्हा दिसला नाही. मी मुद्दाम तपासून पाहिलं.

कंपनीचा होकार लगेच आला म्हणे. भिंतीपलीकडच्या त्या खोलीचं काम त्यांना फार आवडलं होतं. सोमवारी जॉइन व्हायला बोलावलं. मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. मनातली पाल चुकचुकत होती, पण तिला हाकललं.

सोमवारी दुपारी दुकानात असताना फोन वाजला. प्रीतीचा.

"काका, मी कंपनीत खाली उभी आहे... मला आत सोडत नाहीत." श्वास लागलेला. "त्या मॅडम म्हणतात, प्रीती सकाळीच जॉइन झाली. ती भिंतीपलीकडची खोली कशी केली ते सगळं करून दाखवलं म्हणे तिने. मला विचारलं तर मला... मला सांगताच येईना काका. मी केलीच नाही ना ती."

"अगं मग आधार कार्ड दाखव! फोटो आहे ना त्यावर!"

"दाखवलं. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं... म्हणाल्या, हा फोटो वर बसलीय तिचा आहे. मी पण बघितला काका. मला तो माझा वाटेना... तुम्ही तरी ओळखता ना मला?"

खरं सांगतो तुला, माझ्या तोंडून पटकन "हो" निघालं नाही. आवाज तिचाच होता. पण फोनवर आवाजाचं काय, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी एवढासा थांबलो, आणि ते तिला कळलं. तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर सरस्वतीताईंचा फोन यायला लागला. म्हटलं, आईला सांगू, ती जाऊन घेऊन येईल पोरीला. "थांब हां, ठेवू नकोस," म्हणून तो उचलला.

बाई आनंदाने रडत होत्या. "भाऊ, झाली बघा माझी लेक जॉइन! आत्ताच व्हिडिओ कॉल केला होता तिने. सगळं ऑफिस फिरून दाखवलं, एसीत बसलीय, अशी गोड हसत होती! मी म्हटलं आता हे धागे कापणं बास. तुम्हाला खास थँक्यू सांगायला सांगितलंय तिने."

मी त्या माउलीला काय सांगणार होतो? घाईघाईने पहिली लाइन परत घेतली. पलीकडे कुणी नव्हतं. त्यानंतर तो नंबर मी कितीतरी वेळा लावला. लागतो. एक मुलगी उचलते, "बोला ना काका" म्हणते, अगदी प्रेमाने, आणि दर वेळी फोन मीच ठेवून देतो.