रागवायचं राहिलं

"हा टाय आहे की गळफास, तेच कळत नाहीये," मुलाखतीसाठी थांबलेला शेजारच्या खुर्चीवरचा तरुण पुटपुटला.

तिला हसू आलं. धाकट्या भावाच्या शाळेचा टाय रोज तीच बांधून द्यायची. काही न बोलता तिने हात पुढे केला... आणि गाठ बसल्यावर लक्षात आलं, की आपली बोटं एका अनोळखी गळ्याशी आहेत. ती झटकन मागे सरली.

"बोलत नाही का तुम्ही?"

"तीच तर अडचण आहे." ती विद्यापीठात पहिली आली होती, पण आधीच्या प्रत्येक मुलाखतीत मूग गिळून बसली होती. आत्या आता सरळच म्हणायची, "पदक काय चाटायचंय? लग्न करून टाक." आणि आज ग्राहकसेवेत जागा होती एकच.

"माझं उलटं," तो म्हणाला. "मार्क काठावरचे, जीभ मात्र पहिल्या वर्गात."

दोघांना एकत्रच आत बोलावलं. परीक्षकबाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही चिडलेले ग्राहक. वॉशिंग मशीन पुन्हा बिघडलंय. या कर्मचारी. नंतर अदलाबदल."

त्याने असा काही आवाज चढवला, की तिची पाठ केलेली सगळी वाक्यं उडून गेली. तिला दिसला फक्त त्याच्या कपाळावरचा घाम.

"मग... कपडे कोण धुतंय? तुम्हीच? हात दुखत असतील हो."

तो थबकला. "हो... म्हणजे... मशीन राहू द्या. तुम्ही बसा ना, कधीच्या उभ्या आहात."

परीक्षकबाई खुदकन हसल्या. अदलाबदल झाल्यावरही त्याची जीभ काही वळली नाही.

निवड तिची झाली. पण बाहेर येताच ती त्याच्यासमोर उभी राहिली. "मुद्दाम हरलात ना? खरं सांगा. दयेची नोकरी नको मला, आत्ता जाऊन नाही म्हणते!"

"मुद्दाम? अहो, आठवडाभर आरशासमोर रागवत होतो! आई विचारायची, कुणाशी भांडतोयस? पण तुम्ही ते म्हणालात, आणि—"

"आणि?"

"हात खरंच दुखायला लागले."

ती खळखळून हसली. "पुढची मुलाखत कधी?"

"सोमवारी."

"तोवर रोज माझ्यासमोर रागवायचं. शिकवते मी."

"आणि नाहीच जमलं तर?"

जिन्याच्या कठड्यावर तिची बोटं घुटमळली. कान लाल झाले.

"तर... न भांडणारा माणूस मिळाला, असं आत्याला सांगेन," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता भराभर जिना उतरू लागली.