दाभण्यासाठी रडलेली मुलगी

पडद्यावर दाभण्यानं गोदामाचं दार हळूच ढकललं आणि मनवानं मान फिरवली.

तिला खरं तर यायचंच नव्हतं. रविवारची दुपार, मस्त झोप काढायचा बेत होता. पण मावसबहीण अपेक्षा हात धुऊन मागे लागली. "चल ना गं, 'दाभण-२' आहे! पहिल्या भागापेक्षा डबल रक्त आहे म्हणे!" जणू काही थाळीत एक जिलेबी जास्त मिळणार होती. आणि आता लालबागच्या त्या जुन्या थिएटरात बंद मिलमधला खुनी, तोंडाला गोणपाट गुंडाळून, हातात गोणी शिवायची हा लांबलचक दाभण घेऊन अंधारात फिरत होता. अपेक्षा एका बाजूला आनंदानं किंचाळत होती. म्हणून मनवानं दुसऱ्या बाजूला पाहिलं…

शेजारचा मुलगा पडद्याकडे बघतच नव्हता. खुर्चीत अर्धवट वळून तो मागच्या रांगांकडे बघत होता. पडद्यावरचा लाल उजेड त्याच्या गालावर हलत होता.

"तुम्हीपण घाबरता?" तिनं कुजबुजत विचारलं.

"मी? छे… मी लोक बघतोय."

"लोक?"

"मजा इकडेच आहे. ते काका बघा. रुमालानं तोंड झाकलंय, पण एक डोळा बाहेर. आणि त्या दोघी… आधी किंचाळणार, मग एकमेकींना चापट्या मारून हसणार. दरवेळी असंच."

"दरवेळी म्हणजे? कितव्यांदा बघताय हा सिनेमा?"

"मोजलं नाही."

"वेडे आहात का?"

"असेन." तो हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "डोळे मिटा. आत्ता… लवकर!"

तिनं मिटले. थिएटरभर किंकाळी उठली. कुणाचा तरी पॉपकॉर्नचा डबा खाली सांडला. अंधारात फक्त त्याचा आवाज जवळून आला, "थांबा… अजून नाही… हं. आता उघडा. आता गाणं आहे."

मध्यंतरानंतरचा सगळा सिनेमा तिनं असाच पाहिला. त्याच्या सांगण्यावर डोळे मिटत, त्याच्या सांगण्यावर उघडत. शेवटी दाभण्या मिलच्या बॉयलरमध्ये जळाला, पब्लिक उभं राहून शिट्ट्या मारायला लागलं, दिवे लागले. ती वळली, तर तो गर्दीत दिसेनासा झाला होता. नावसुद्धा विचारायचं राहिलं होतं.

मनवा दादरला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारायची. "वर बघा… खाली बघा… आता माझ्या कानाकडे बघा." पण त्या आठवड्यात तिचं लक्ष लागेना. समोरचा माणूस कानाकडे बघायचा आणि हिच्या कानात मात्र कुणीतरी कुजबुजायचं, 'थांबा… अजून नाही…'

बुधवारी तिनं सुट्टी काढली. "जरा बाजारात जाऊन येते," असं आईला सांगून ती निघाली आणि सरळ तीनच्या खेळाला जाऊन बसली. स्वतःचाच राग येत होता. रक्त बघून जिला जेवण जात नाही, ती एकटी खुनाचा सिनेमा बघायला येते!

थिएटर अर्धं रिकामं होतं. तो होता. तिला बघून त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिनं उगाचच ओढणी सारखी केली.

"तुम्हाला बघवत नाही ना? मग?"

"सवय करतेय."

"रक्ताची?"

तिनं पडद्याकडे तोंड फिरवलं. एक खुर्ची सोडून बसला होता तो सरकून शेजारी आला.

त्याचं नाव गौतम. डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा, आईबरोबर. कॉलेजात असताना एकांकिका केल्या, बक्षिसंही मिळाली. "आणि आता?" तिनं विचारलं. "आता काम करतो… कधी असतं, कधी नसतं," तो म्हणाला आणि समोसा तिच्यापुढे केला. तिखट लागून तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो म्हणाला, "बघा, सिनेमाला नाही रडलात, समोशाला रडलात." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिला कळलंही नाही. बहुतेक बॉयलरच्या थोडंसं आधी.

फोन नंबर मात्र कुणीच मागितला नाही. सिनेमा हे निमित्त होतं. ते सोडून सरळ 'भेटूया' म्हणायचा धीर ना त्याला होत होता, ना तिला. आणि निमित्त तर संपत चाललं होतं. शुक्रवारी नवे सिनेमे आले आणि 'दाभण'चा दुपारचा एकच खेळ उरला. येत्या गुरुवारपर्यंत. त्यानंतर?… दुकानात अंधाऱ्या खोलीत बसून मनवा भिंतीवरच्या तक्त्यावर उजळलेल्या अक्षरांकडे बघत राहायची. पेशंट विचारायचा, "मॅडम, वाचू का?"

रविवारी ती परत गेली. आज ठरवूनच गेली होती, डोळे मिटायचे नाहीत. याला दाखवायचंच, की मला जमतं.

"आता मीट," तो म्हणाला.

"नाही."

"अगं, हा वाईट सीन आहे."

"असू दे."

पडद्यावर गोणपाट जवळ आलं, अजून जवळ. त्याच्या एकुलत्या एका भोकातून एक डोळा दिसायला लागला. पडदाभर पसरलेला डोळा. मागे कुणीतरी ओरडलं, "पळ, पळ, आला दाभण्या!" मनवा ताठ बसली. पण भीतीनं नव्हे. त्या तपकिरी बुबुळात खालच्या बाजूला मधाच्या रंगाची एक बारीक फाक होती. दिवसभर डोळेच बघणाऱ्या मुलीला ती दिसल्यावाचून राहणार नव्हती.

तिनं सावकाश मान वळवली. शेजारी तोच डोळा. तीच फाक.

"गौतम…"

तो दचकला. मग पडद्याकडे बघत अगदी हळू म्हणाला, "करारात लिहिलंय, कुणाला सांगायचं नाही. सस्पेन्स राहायला पाहिजे म्हणे… लोकांनी आजपर्यंत माझं तोंड पाहिलेलं नाही. हे सगळे मला घाबरून ओरडतात ना, आणि दिवे लागले की माझ्याच पायावर पाय देऊन जातात. वाईट नाही वाटत. फक्त वाटतं, एकदा तरी कुणीतरी…" त्यानं वाक्य अर्धंच सोडलं.

तिनं खुर्चीच्या हातावरचा त्याचा हात धरला. तो हात गार पडला होता.

मग बॉयलरचा सीन आला. दोनदा तिनं तो नुसता ऐकला होता. आज पाहिला. गोणपाटानं पेट घेतला, तो लटपटत मागे सरकला, त्यानं हात पुढे केला, आणि अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. "जाळ साल्याला!" शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांवर थापा. त्या दिवशीच्या रुमालवाल्या काकांसारखे कुणीतरीसुद्धा नाचत होते. मनवाच्या पोटातून असा काही हुंदका आला, की तो तिला आवरलाच नाही. ओढणी तोंडात कोंबून ती रडायला लागली.

"अगं… मनवा! मी इथंच आहे, बघ ना…"

"मा-माहितेय… पण ते शिट्ट्या मारतायत ना!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. इतके दिवस तो प्रत्येक खेळाला येऊन बसला होता. माणसं घाबरताना, हसताना, डोळे झाकताना पाहिली होती. त्याच्या मरणावर रडणारं कुणी दिसलं नव्हतं.

बाहेर आल्यावर दोघं मसाल्याच्या गल्लीतून चालत राहिले. मिरच्यांचा खकाणा नाकात जात होता. रडण्याला तो बरा बहाणा होता.

"आई पहिल्या भागाला आली होती," गौतम म्हणाला. "तेव्हा मी मिलच्या तलावात बुडून मरतो. ती मध्येच उठून निघून गेली. आजवर त्यावर एक शब्द बोलली नाही. आमच्याकडे चौदा एप्रिलच्या जयंतीला मी नाटकं करायचो, वस्ती गोळा व्हायची बघायला. आणि आता पोरगा पडद्यावर माणसं भोसकतो… लाज वाटली असणार तिला."

मनवा थांबली. "ती कुठल्या सीनला उठून गेली?"

"शेवटच्या. मी बुडताना."

"लोक शिट्ट्या मारत होते तेव्हा?"

"हो. का?"

"लाज!" मनवाला एकदम त्याचा रागच आला. "वेडा आहेस का तू? विचारलंस कधी तिला?"

त्यानं विचारलं नव्हतं.

गुरुवारी मनवा पुन्हा सुट्टी काढून शेवटच्या खेळाला गेली. थिएटरच्या पायऱ्यांवर तो उभा होता आणि त्याच्या शेजारी फिकट निळ्या साडीतली एक ठेंगणी बाई. "आई, ही मनवा," एवढंच म्हणून तो तिकिटं काढायला पळाला.

त्याच्या आईनं, मालनबाईंनी, तिला नीट न्याहाळलं. "तूच का ती रडलेली?"

मनवाला जमिनीत शिरावंसं वाटलं. "हो, काकी."

"मीपण तेव्हा तशीच रडले गं. आपलं लेकरू पाण्यात हातपाय मारतंय आणि दुनिया टाळ्या पिटतेय. मला माहीत होतं खोटं आहे. तरी नाही बसवलं. आणि हा खुळा समजला, आई रुसली!" त्यांनी डोळ्याला पदर लावला, मग हसल्या. "परवा घरी येऊन विचारलं त्यानं. तू सांगितलंस म्हणून."

आत मोजकेच लोक होते. मालनबाई मधे बसल्या, एका बाजूला लेक, एका बाजूला मनवा. बॉयलर पेटला तेव्हा त्यांनी मनवाचं मनगट घट्ट आवळलं, पण त्या उठल्या नाहीत. शेवटपर्यंत बघत राहिल्या. पुढच्या रांगेतून शिट्टी आली तशी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काम चांगलं केलं हो पोरानं!" शिट्टीवाल्यानं गोंधळून मागं पाहिलं.

बाहेर पडल्यावर त्यांना एकाएकी गरम मसाला घ्यायचा आठवला. "तुम्ही उभे राहा, मला वेळ लागेल," म्हणून त्या गल्लीत शिरल्या. मागे वळूनही पाहिलं नाही.

थिएटरवरचं पोस्टर दोन माणसं उतरवत होती.

"सोमवारी हैदराबादला जातोय," गौतम म्हणाला. "तिसरा भाग. चार-पाच महिने तरी."

तिला हे ऐकायचं नव्हतं. "मग… आता मी दुपारी कुठे जाऊ?"

त्यानं खिशातून फोन काढला, तिच्या हातात दिला. तिनं आपला नंबर टाकला. टाकताना दोनदा चुकली.

"मनवा, मला तू… म्हणजे, तू मला…" एकांकिकांत बक्षिसं मिळवलेला मुलगा चार शब्दांशी अडखळला. "मला तू हवी आहेस. नुसती सिनेमाला नाही. कायमची. पण मी कुठला, कोण, तुला माहीत आहे. तुझ्या घरी सोपं नसेल."

"नसेलच."

"आल्यावर मी येईन तुमच्याकडे. स्वतः बोलेन बाबांशी."

"तोपर्यंत मी गप्प बसू?" ती म्हणाली. "पाच महिने तुझी वाट बघणं एवढंच पुरे आहे मला. त्यात आणखी लपवालपवी नको." आणि मग खाली बघून, अगदी पुटपुटत, "मलाही तूच हवायस. कायमचा."

मालनबाई परत येईपर्यंत दोघं नुसते उभे होते. हातभर अंतर ठेवून. ते अंतर आता किती लांब होणार, याचा अंदाज घेत असल्यासारखे.

संध्याकाळी बाबा खिडकीपाशी चहा घेत होते. आई कोलंबी सोलत बसली होती. मनवा समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, एका मुलाबद्दल सांगायचंय. त्याचं नाव गौतम. गौतम कासारे. डिलाईल रोडच्या चाळीत राहतो."

आईचे हात थांबले. बाबांना नावावरून, चाळीवरून जे कळायचं ते कळलं. त्यांनी कप खाली ठेवला. मान खिडकीबाहेर रस्त्याकडे वळवली.

"काय करता तो?" त्यांनी विचारलं. मनात खळबळ झाली की बाबा मालवणीवर यायचे.

"नट आहे."

"नट?" त्यांनी पहिल्यांदा वळून तिच्याकडे पाहिलं. आवाजात राग होता, पण थोडं कुतूहलही होतं. आणि त्या थोड्यावरच तिची सगळी आशा टांगलेली होती. "खयच्या पिक्चरात बघलंव आमी त्येका?"

"अजून कुणीच नाही बघितलेला, बाबा," मनवा म्हणाली. "मी बघितलाय."